पायपट्टीवरचा जावई

आमच्या लॉन्ड्रीत सगळ्यांत कमी काम करून सगळ्यांत जास्त मान घेणारा एकच जण होता. त्याला आम्ही जावई म्हणायचो. जावई म्हणजे एक वीट. भट्टीत जरा जास्त भाजलेली, काळपट, खालच्या अंगाने घासून उतरती केलेली. ती नुसती बसून राहायची आणि तिच्या बसण्यावर सगळ्या घराचं चालायचं, त्यामुळे दुसरं नाव शोधायची वेळच आली नाही. येता-जाता कुणाचा पाय लागला तर लोक तिची माफी मागत. झाडूवाली बाई "जावईबापू, बसा, बसा" म्हणत तिच्या कडेकडेने झाडून जाई, पण उचलत नसे. जावयाला उठवायचा अधिकार सासूचा.

ही हकिकत त्या सासूची आहे.

तिला आम्ही वहिनी म्हणायचो. कुणाच्या वहिनी, हा प्रश्न नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच वहिनी म्हणून हाक मारायचा. त्यांचे यजमान लॉन्ड्रीचे फिटर. फिटर सगळ्यांचे भाऊ, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. वयाने त्यांच्या वडिलांच्या जागी असलेले मालकही वहिनी म्हणत, आणि त्यांच्याच वयाची त्यांची जोडीदारीणही वहिनीच म्हणे, फक्त ती अरेतुरेत. बुटक्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि वाफेने कपाळाला चिकटलेली एक बट, जी मी कधी सुकलेली पाहिली नाही. त्यांना एकच वेड होतं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचं. चादरीचे तर जुळवतच, पण मी एकदा बिस्किटं ठेवायला वर्तमानपत्राचा तुकडा मागितला तर तोही आधी कोपऱ्याला कोपरा लावून, बोटाने घडी दाबून, मग हातात दिला. त्या तुकड्यावर बिस्किटं ठेवायला मला संकोच वाटला.

मी गठ्ठे उतरवून घ्यायच्या टेबलावर असायचो आणि माझ्या बरोब्बर समोर त्यांचा रोलर होता. रोलर म्हणजे खाटेएवढं रुंद, आतून तापणारं लोखंडी पिंप आणि त्याला घासून फिरणारं दुसरं, कापड गुंडाळलेलं. समोर दोघीजणी उभ्या राहतात, ओल्या चादरीचे दोन कोपरे ताणून धरतात, कड आत सरकवतात आणि बोटं वेळेत मागे घेतात. वेळेत. चादर खालून परत पुढ्यात येते ती कोरडी, कडक आणि गरम. "जाताना रडत जाते, येताना हसत येते, आमची ही माहेरी जाते-येते त्याच्या उलट," असं फिटरभाऊ म्हणायचे. वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

रोलरच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंच, एक आडवी लोखंडी पायपट्टी होती. तिच्यावर पाय दाबून धरला की रोलर फिरणार. पाय काढला की जागच्या जागी थांबणार. ज्याने हे यंत्र बनवलं त्याला माणूस चांगला ठाऊक असला पाहिजे. हात अडकला तर माणूस बटण शोधत बसत नाही, मागे उडी मारतो. आणि मागे उडी मारणाऱ्याचा पाय पट्टीवर राहत नाही. एवढा साधा हिशेब.

फक्त त्याने स्वतः दिवसभर एक पाय दाबून उभं राहून पाहिलं नसावं. शिवाय पाय काढला की आतली चादर तापल्या लोखंडावर अडकून राहते आणि बघता बघता तिच्यावर पिवळा पट्टा उमटतो. म्हणजे शिंक येवो, पायात गोळा येवो, पाय काढायची सोय नाही. आलेल्या चादरीची घडी घालायला मागे सरावं तर रोलर थांबतो, रोलर चालू ठेवावा तर घडी कोण घालणार? म्हणून मी पाहिलेल्या एकूण एक लॉन्ड्रीत पायपट्टीवर काही ना काही बसलेलं असतं. कुठे साबणाचा डबा, कुठे जुनं वजन, एका ठिकाणी तर मालकाला बक्षीस मिळालेला पितळी घोडा. मालक दर महिन्याला घोडा शोधत यायचे आणि कामगार त्यांना दर महिन्याला कपाट दाखवायचे.

वहिनींची उजवी टाच दुखायची. घरी गेल्यावर त्या कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसत आणि फिटरभाऊ समोर स्टूल घेऊन त्या बादलीकडे बिघडलेल्या मोटारीकडे बघावं तसे बघत. वहिनी म्हणायच्या, "बादलीत काय बघताय, पाय आहे तो, बेअरिंग नाही बदलता येणार." आठवडाभर वर्कशॉपमधून कानशीचा आवाज येत होता, आणि मग एका सकाळी फिटरभाऊ काखेत वीट घेऊन आले.

आता पायपट्टी नीट चालते ना, हे बघणं हेच फिटरचं काम. पट्टीवर काही ठेवलेलं दिसलं तर त्याने काढून फेकायचं. आमच्या फिटरने स्वतःच तिच्यावर बसवायला वीट घडवली. पण फिटर तो फिटरच. त्याला नुसती वीट ठेवून झोप लागली नसती. त्याने विटेला आरपार भोक पाडून त्यातून दोर ओवला होता, दोर वर नेऊन रोलरच्या पुढच्या कठड्यावर, वहिनींच्या कमरेशी येईल असा, पडद्याच्या जुन्या पितळी कडीला बांधला होता, आणि विटेचा तळ असा उतरता घासला होता की कडी ओढताच वीट पट्टीवरून सुटून खाली पडावी. विटेपाशी मारलेली गाठ त्याची स्वतःची होती. अशी गाठ मी दुसऱ्या कुणाला मारताना पाहिली नाही.

"ओढ," ते म्हणाले.

वहिनींनी कडी ओढली. वीट जागची हलली नाही.

"अगं, अशी ओढ, की जसा मीच आत अडकलोय."

"तुम्ही अडकलात तर मी आधी जरा विचार करीन," वहिनी म्हणाल्या आणि हिसका दिला. वीट सुटली ती थेट भाऊंच्या पायाच्या अंगठ्यावर. रोलर थांबला. फिटरभाऊ एका पायावर नाचत म्हणाले, "पास."

त्या दिवशी विटेला जावई हे नाव पडलं. तेही त्यांनीच दिलं. या दोघांना मूलबाळ नव्हतं. लोक ते बोलायचं टाळत, म्हणून फिटरभाऊ स्वतःच बोलून टाकत. "मुलगी नाही झाली म्हणून काय बिघडलं? जावई तर मिळाला. बसून खातो, पण निदान बोलत नाही." सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण त्यांनी चष्मा काढून अॅप्रनला पुसला. लॉन्ड्रीत चष्म्यावर वाफ धरतेच, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात येण्यासारखं नव्हतं.

एकीचंच मन भरलं नव्हतं. रोलरच्या डाव्या अंगाला उभी राहणारी, वहिनींची जोडीदारीण. तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. सकाळी दारातून आत आली की चालू, संध्याकाळी बाहेर पडली की रस्त्यावर चालू. ती म्हणाली, "कडी वहिनीच्याच बाजूला? आणि मी काय सावत्र?"

"तुला कडी कशाला?" फिटरभाऊ म्हणाले. "तू ओरडलीस की यंत्रच काय, मुकादमही थांबतो."

हे खरं होतं. मुकादम थांबायचा.

त्या दोघींचं घडी घालणं म्हणजे आमच्याकडचा बघण्यासारखा प्रकार होता. एकेक टोक धरून दोघी मागे सरायच्या, चादर ताणायच्या, मग पावलं टाकत एकमेकींकडे यायच्या, कोपऱ्याला कोपरा देऊन पुन्हा मागे. रेडिओ बातम्या सांगायची त्या या चालीवर. लांब असताना मजकूर, जवळ आल्यावर मर्म. "मुकादमाच्या साडूने घर बांधलं..." हे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं, मग दोघी जवळ यायच्या, कोपरे जुळायचे, रेडिओचे ओठ वहिनींच्या कानाशी हलायचे, आणि वहिनी "अगं बाई" म्हणून मागे सरायच्या. साडूच्या घराचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळायचं नाही. चादरी हजारो झाल्या असतील. लॉन्ड्रीतल्या प्रत्येक बातमीचा अर्धा भाग मला ठाऊक आहे.

प्रत्येक गठ्ठा संपला की वहिनी कडी ओढायच्या, जावई धप्पकन खाली यायचा. ही फिटरभाऊंची सक्त ताकीद होती, रोज ओढायची, म्हणजे हाताला सवय राहते. कुठूनही जाताना "धप्प" ऐकलं की ते मान न वळवता म्हणत, "उठले का जावईबापू?"

मग एके दुपारी फिटरभाऊ वर्कशॉपच्या बाकावर डबा उघडून बसले आणि डबा तसाच राहिला. छाती धरली, एवढंच कुणीतरी पाहिलं. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

वहिनी काही दिवसांनी कामावर आल्या. सगळ्यांनी ठरवल्याप्रमाणे कुणी काही बोललं नाही. रेडिओ पहिला पूर्ण दिवस बंद होती, आणि त्या शांततेचाच वहिनींना जास्त त्रास झाला असावा, कारण संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "बोल गं काहीतरी. नाहीतर मला वाटतं तूही गेलीस."

घरी फिटरभाऊंचं फारसं काही उरलं नव्हतं. कपडे दिले, हत्यारं लॉन्ड्रीची होती ती लॉन्ड्रीत राहिली. त्यांच्या हातचं म्हणावं असं एकच होतं, ते पायपट्टीवर बसलं होतं. वहिनी येता-जाता विटेवरून बोटं फिरवायच्या. आणि त्यामुळेच त्यांच्या लक्षात आलं, की दोर विरत चालला आहे. रोज ओढून, रोज घासून, गाठीपाशी त्याचे तंतू सुटे झाले होते.

मुकादम म्हणाला, "वहिनी, नायलॉनचा दोर देतो. नवी गाठ मारून टाकू."

"नको."

"अहो, तुटेल हो एक दिवस."

"तुटू देणार नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी फाटक्या चादरींचे पांढरे तुकडे काढले आणि जावयाला गवसणी शिवायला घेतली. आतून कापूस, वरून टाके. तो दोर त्यांनी कडीपासून सोडवला, विटेभोवती व्यवस्थित गुंडाळला, गाठ वरच्या बाजूला येईल अशी ठेवली, आणि सगळं मिळून कापसाच्या आत घेतलं, एखादं थकलेलं माणूस पांघरुणात घ्यावं तसं. कठड्यावरची कडी तेवढी रिकामी राहिली. पुढे मुकादमाने ती काढून खिडकीच्या पडद्याला लावली. चहाच्या सुट्टीत मी समोरच बसलो होतो. वहिनींना जाड भिंगातूनही सुईचं नेढं दिसत नसे, म्हणून सुई ओवून द्यायला रेडिओ बसली होती. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करता करता ती म्हणाली, "दोर आत गेला, तर मग ओढायचं काय?"

"इतक्या वर्षांत कधी लागलंय का? आपण गठ्ठा संपला की उठवायचो, एवढंच ना. आता पायाने सारू."

रेडिओने सुई ओवली, गाठ मारली आणि वहिनींच्या हातात दिली. म्हणाली, "ते पण खरं."

गवसणी सुरेख झाली. चारही कोपरे जुळलेले. मुकादमसुद्धा म्हणाला, "जावयाला आहेराचे कपडे केलेत की." झाडूवालीने तर झाडू लांब ठेवून हात लावून पाहिलं. आणि जावई पूर्वीपेक्षा चांगला बसू लागला. पूर्वी गुळगुळीत घासलेली वीट लोखंडावर जरा जरा सरकायची. आता कापडाने पट्टी धरून ठेवली.

यानंतर बरेच दिवस नीट गेले. मग हॉस्पिटलच्या चादरींचा एक गठ्ठा आला. हॉस्पिटलच्या चादरी जुन्या असतात, धुऊन धुऊन विरलेल्या. त्यातल्या एकीची कड उसवली होती. रेडिओ लांबून एक बातमी सांगत होती, मुकादमाच्या मिशांबद्दल काहीतरी. मुकादम ऐकू न आल्यासारखं करत माझ्या टेबलापाशी उभा होता. मर्म पुढच्या चादरीला यायचं होतं. घडी घालून दोघी पुन्हा रोलरपाशी आल्या, कड आत सरकवली, वहिनींनी बोटं मागे घेतली. रेडिओनेही घेतली. पण उसवलेल्या दोऱ्याचा फास तिच्या बोटात राहिला होता.

रेडिओ ओरडली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मुकादम थांबला. यंत्र थांबलं नाही.

मी वहिनींकडे पाहत होतो. त्यांचा हात क्षणाचाही विचार न करता कठड्याकडे गेला, कमरेपाशी, जिथे कडी असायची तिथे, आणि हवेत मिटला. हिसकाही दिला त्यांनी. फिटरभाऊंनी शिकवला होता तसा, जणू तेच आत अडकलेत असा. हातात काही नव्हतं. मग त्या खाली वाकल्या, विटेला ढकलू लागल्या, आणि कापडाने पट्टी सोडली नाही. तोवर मुकादमाने धावत जाऊन भिंतीवरचा मुख्य खटका ओढला होता. एकदम सगळी लॉन्ड्री शांत झाली.

हाताबद्दल मी लिहीत नाही. डावा हात होता. वाचला, असं डॉक्टर म्हणाले. वाचला म्हणजे जागेवर राहिला. बोटं मिटलेलीच राहिली, ती पुन्हा उघडली नाहीत.

ज्याच्या चादरी होत्या त्याच हॉस्पिटलात तिला ठेवलं होतं. वहिनी पहिल्या दिवशी गेल्या तेव्हा रेडिओला गुंगीचं औषध दिलेलं होतं. तरी तिने डोळे उघडले, अंगावरच्या चादरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही घडी आपली नाही. कोपरे बघ, वहिनी." आणि पुन्हा झोपली.

मालकांच्या हेड ऑफिसमधून साहेब चौकशीला आले. त्याआधीच कुणाच्या तरी पायाने जावई कपाटाखाली गेला होता. साहेबांनी पायपट्टी दाबून पाहिली. दाबली, रोलर फिरला. सोडली, थांबला. यंत्रात काही दोष नाही. साहेब हॉस्पिटलातही जाऊन आले होते आणि रेडिओने त्यांना सांगितलं होतं, "पट्टीवर माझाच पाय होता. मी घाबरले, पाय काढायचं सुचलं नाही. माझंच लक्ष नव्हतं." जिने जन्मात कुठली गोष्ट पोटात ठेवली नाही, तिने ही ठेवली. फिटरभाऊंचं नाव निघू नये म्हणून. आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली, कारण फिटरभाऊ आमचेही भाऊ होते.

त्या मान हलवण्याचा अर्थ दोन दिवसांनी कळला. दोष कामगाराचा, निष्काळजीपणा. अशा बाईला परत कामावर घेता येणार नाही, घडीच्या टेबलावरही नाही आणि माझ्यासारखं गठ्ठे उतरवून घ्यायलाही नाही.

वहिनींनी ते ऐकलं, हातातली चादर खाली ठेवली, गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला आणि जावयाला बाहेर काढलं. पांढऱ्या गवसणीला धूळ लागली होती, ती झटकली. मग त्याला तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर घेऊन त्या साहेब बसले होते त्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"हे पट्टीवर होतं," वहिनी म्हणाल्या. "तिचा पाय नव्हता. आमच्या यांनी केलेलं आहे. त्यांनी दोर ठेवला होता ओढायला. तो मी आत शिवला."

साहेब विटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, बसा." त्यांनाही वहिनीच म्हणता आलं.

"बसत नाही. लिहून घ्या."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं. "मी इथे येऊन गेलोय याआधी. ही वीट मी पाहिली आहे. तिच्यावरून अडखळलोही होतो एकदा." ते थोडे हसले. "सगळीकडे असतं हो काहीतरी. आता लिहिलं तर कुणाकुणाचं लिहू? फिटर गेले बिचारे. चांगला माणूस. त्यांचं नाव कशाला यात?"

"आणि तिचं?"

"तिने स्वतःच सांगितलंय ना," साहेब म्हणाले. अगदी हळू, समजुतीच्या आवाजात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव त्यांनी राखलं. राखायचं ठरलं की कुणाचं तरी जातंच.

वहिनी जावयाला घेऊन बाहेर आल्या आणि त्या दिवसापासून पट्टीवर स्वतःचा पाय ठेवून उभ्या राहू लागल्या. डाव्या अंगाला नवीन बाई आली, चांगली होती, कमी बोलायची. गठ्ठे साठू लागले. घडी घालायला वेगळं माणूस मिळेना. चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टीवर साबणाचा एक भरलेला डबा बसलेला दिसला. वहिनींनी तो उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. पुन्हा उचलला. असं चाललं. शेवटी नवी बाई म्हणाली, भांडून नव्हे, नुसतं विचारल्यासारखं, "वहिनी, तुमचा जावई होता तेव्हा चालत होतं ना?"

मुकादमाने माझ्या टेबलावरचा एक गठ्ठा उगाच इकडचा तिकडे केला. वहिनी डबा उचलतात आणि त्या जेवायला गेल्या की डबा परत येतो, आता हा नेमच झाला आहे. मुकादम तेवढं न विसरता बघतो, की मुख्य खटक्यापाशी कुणीतरी उभं असावं. बहुतेक वेळा तो स्वतःच असतो.

रेडिओ घरी आल्यावर वहिनी जावयाला पिशवीत घालून तिच्याकडे गेल्या. तिथे काय झालं ते मला रेडिओनेच सांगितलं. बंद राहणं तिला जमलं ते त्या एका वेळेपुरतं.

रेडिओची खोली म्हणजे एक खिडकी, एक खाट आणि वाऱ्याने सारखं आपटणारं एक दार. वहिनी खाटेवर बसल्या, पिशवीतून कात्री काढली आणि गवसणीचे टाके उसवू लागल्या. एकेक करून. कापूस बाहेर आला, मग दोर आला, मग ती गाठ, अजून तशीच. वहिनींनी दोर विटेच्या भोकातून काढून ती गाठ रेडिओच्या मांडीवर ठेवली.

"मी आत शिवला," त्या म्हणाल्या. "तू विचारलं होतंस मला."

"विचारलं होतं," रेडिओ म्हणाली. "आणि मग सुई कुणी ओवून दिली?"

वहिनींनी कात्री पिशवीत ठेवली.

"'ते पण खरं' असं कोण म्हणालं?"

दार पुन्हा आपटलं. वहिनी उठल्या, खाटेवरच्या वळणीवर सुकलेली एक चादर होती ती काढली आणि सवयीने एक टोक पुढे केलं. पुढे केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या टोक मागे घेणार, इतक्यात रेडिओने उजव्या हाताने एक कोपरा पकडला आणि दुसरा हनुवटीखाली दाबला. मागे सरायला जागा नव्हती, लगेच भिंत लागत होती. दोघी भिंतीला टेकल्या, चादर ताणली, मग दोन पावलांत एकमेकींसमोर आल्या. हनुवटीखालचा कोपरा घसरला. वहिनींनी तो उचलून पुन्हा तिच्या हनुवटीखाली दिला.

"त्या दिवशी मुकादमाच्या मिशांचं काय सांगत होतीस?" वहिनींनी विचारलं.

रेडिओने आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. "नाही गं आठवत," ती म्हणाली.

मग कानाशी तोंड नेऊन, मर्म सांगायची त्याच आवाजात, म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, दोर बाहेर राहू दे म्हणावं. पण शिवताना तू रडत होतीस."

घडी वाकडी झाली. कोपरे बोटभर चुकले. वहिनी निघताना जावयाला उचलू लागल्या तर रेडिओ म्हणाली, "त्याला राहू दे इथेच. दार आपटतं." तिने पायाने वीट दाराशी सरकवली. गुळगुळीत तळाची वीट जरा घसरली, मग बसली. दार थांबलं. "घरजावई करून घेतला," रेडिओ म्हणाली. दोघी हसल्या असाव्यात. रेडिओ म्हणते हसल्या.

आता सुट्टीच्या दिवशी वहिनी आपल्या घरच्या धुतलेल्या चादरी पिशवीत घालून तिच्याकडे जातात आणि दोघी मिळून घड्या घालतात. वहिनींना घरी एकटीने अजून तो दोर पाहवत नाही, म्हणून तो रेडिओच्या उशाशीच असतो. परवा काही निरोप द्यायला मी वहिनींच्या घरी गेलो होतो. त्यांनी कपाट उघडलं तेव्हा आतल्या फळीवर चादरींचा ढीग दिसला. एकाही घडीचा कोपरा कोपऱ्याला लागलेला नव्हता. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं आता त्या नीट करतील. त्यांनी वरची एक चादर, ढीग ढासळणार नाही इतपत, जरा आत सरकवली आणि कपाट लावून घेतलं.